बैल उठेपर्यंत

मृत्युपत्र लिहून ठेवणार: गुलाबसिंग भासू आडे, वय वर्षे ७४, एस.टी.च्या आगारातून निवृत्त हेड मेकॅनिक, राहणार मोहदरी तांडा, तालुका नेर, जिल्हा यवतमाळ.

मी वरील गुलाबसिंग असे जाहीर करतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि मी काय लिहीत आहे ते मला समजते आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून माझे अक्षर मोठे येते, त्यावरून कोणी भलता निष्कर्ष काढू नये. मला कोणी धाक घातलेला नाही, काही पाजलेले नाही, फूस लावलेली नाही. फूस लावण्याचा प्रकार आमच्या घरात एकदाच झाला, एकवीस वर्षांपूर्वी, आणि ती एका बैलाला लावली होती. ते पुढे येईल.

हे मृत्युपत्र खरे म्हणजे टाइप केलेले असायचे. नेरच्या वकिलांनी मसुदा तयार ठेवला होता. आज अकरा वाजता निबंधकाच्या कार्यालयात माझा नंबर होता. माझा मित्र अय्यूब पावणेदहालाच त्याची व्हॅन घेऊन अंगणात हजर झाला. मी धुतलेला सदरा घालून पुढच्या सीटवर बसलो, त्याने गाडी चालू केली, आणि आमचा देवाचा बैल गोठ्यातून सावकाश चालत आला आणि फाटकात आडवा बसला. मी अय्यूबला गाडी बंद करायला लावली. वकिलांना फोन केला तर ते म्हणाले, "काका, दोन माणसं लावा अन् बाजूला घ्या नं त्याले. साहेब दुपारी मीटिंगले निघून जाईन." मी सांगितले, बैल उठेपर्यंत माझ्याने येणे होणार नाही. त्यांनी फोन ठेवला. मला वेडा समजले असतील.

थोड्या वेळाने अंगणवाडीच्या बेबीताई काय झाले ते बघायला आल्या. त्यांनी गोठ्यामागची कुंपणाची फट दाखवून सुचवले, "काका, तिकून निघा नं. अर्ध्या घंट्यात नेरले पोचान." सूचना चांगली होती. मी ऐकली नाही. मात्र त्यांच्याकडून कोरे ताव मागून घेतले. हाताने लिहिलेले आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असलेले मृत्युपत्र चालते, असे वकिलांनीच पूर्वी सांगितले होते. तेव्हा अंगणात बाज टाकून, मांडीवर पोळपाट उलटा ठेवून मी हे लिहीत आहे. बैल समोर रवंथ करतो आहे.

कलम १. माझी माणसे.

पत्नी रुपीबाई नऊ वर्षांपूर्वी वारली. एकुलती मुलगी जया मुकुटबनला दिली आहे. तिचा नवरा शेती करतो, माणूस भला आहे. ती गावात आशा म्हणून काम करते, म्हणजे दुसऱ्यांच्या बाया बाळंतपणाला दवाखान्यात आणते आणि स्वतः बाहेर बाकावर बसते. सख्खा धाकटा भाऊ जीवन माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. त्याची मुलगी पुष्पा यवतमाळला सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. अय्यूब रक्ताचा नाही. त्याने आणि मी एकतीस वर्षे एकाच गाडीखाली पाठीवर पडून काम केले आहे.

कलम २. बैल ही माझी मिळकत नव्हे.

वकिलांच्या मसुद्यात बैलाची नोंद "जनावरे, नग एक" अशी आली होती. ती मी खोडायला लावली. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, त्याला आम्ही लदेणी म्हणतो. त्या शेकडो बैलांत एक बैल देवाचा असे. त्याला गराशा म्हणत. त्याच्या नाकात वेसण नाही, पाठीवर ओझे नाही, कपाळाला कवड्यांचा पट्टा. तो पुढे चालायचा आणि तो जेथे बसेल तेथे तांड्याचा मुक्काम. पाणी कोसभर पुढे दिसत असले तरी तांड्याच्या नायकाचेही तेथे चालत नसे. माझा बाप सांगायचा, पुढे पूर आहे का वाघ आहे हे माणसाला दिसत नाही, म्हणून कारण विचारायचे नाही, थांबायचे. लदेणी गेली, आगगाड्या आल्या, आमची माणसे शेतीला लागली, पण आमच्या घराण्याने हा बैल सोडला नाही. एक म्हातारा झाला की दुसरा सोडायचा. बापाच्या माघारी हे काम थोरला म्हणून माझ्याकडे आले.

मी दिवसभर इंजिने उघडणारा माणूस. कोणतीही गोष्ट खोलून पाहिल्याशिवाय मी कधी मान्य केली नाही. एवढी एक सोडून.

कलम ३. घर आणि शेत.

मोहदरी तांड्यातील माझे राहते पक्के घर, अंगण, गोठा आणि नाल्याकाठचे शेत माझ्या पश्चात मुलगी जया हिने मालकी हक्काने घ्यावे. ती येथे राहायला येणार नाही हे मला माहीत आहे. तिने विकले तरी माझी हरकत नाही. फक्त जीवनने "घरातच राहू दे, बाहेरच्याले कायले द्यायचं" असे म्हणत मध्यस्थी करू नये. तो फार गोड बोलतो. बँकेत जे काही शिल्लक निघेल तेही तिचेच. रुपीबाईच्या चांदीच्या वाक्या आणि हांसळी कपाटाच्या खालच्या कप्प्यात जुन्या ब्लँकेटमध्ये आहेत.

कलम ४. अवजारे.

पान्यांचा पूर्ण संच, दोन जॅक आणि ती लहान हातोडी जिचा दांडा मी स्वतः सागाचा बसवला, ही अवजारे अय्यूबची. तो या मृत्युपत्राला साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणत होते. म्हणून मी आजच सगळी अवजारे त्याच्या व्हॅनमध्ये ठेवायला लावली आहेत. आता ती माझी नाहीतच, तेव्हा प्रश्न मिटला. अय्यूब म्हणाला, "गुलाबभाऊ, बारा नंबरचा पाना कुठं हाय?" बारा नंबरचा पाना त्यानेच सत्त्याण्णव साली हरवला आहे आणि अजून माझ्यावर ढकलतो.

कलम ५. हिरवी पेटी.

माझ्या खाटेखाली पत्र्याची हिरवी पेटी आहे. तिला कुलूप आहे आणि किल्ली पेटीच्याच कडीला दोऱ्याने बांधलेली आहे. ती पेटी २००४ सालापासून कोणी उघडलेली नाही. आत काय आहे ते मला पाठ आहे, कारण भरताना मी समोर होतो. दोन पांढरे सलवार-कमीज, बारावीच्या गुणपत्रिकेच्या प्रती, बॅटरी, स्टीलचा डबा, आणि आगारातल्या सगळ्या लोकांनी मिळून दिलेला पेन.

जया बारावी झाली तेव्हा यवतमाळला नर्सिंगच्या कोर्सला तिचा नंबर लागला. त्या यादीत आमच्या तांड्यातून तिचे एकटीचे नाव होते. जीवनची पुष्पा वेटिंग लिस्टवर पहिली होती. ऑगस्टच्या तेरा आणि चौदा अशा दोन तारखांना हजर व्हायचे होते. आम्ही तेरा तारीख धरली. सकाळी जया पेटी घेऊन ओसरीवर आली, रुपीबाईने तिच्या हातावर दही ठेवले, आणि बघतो तर बैल फाटकात आडवा बसलेला.

हा बैल नव्हे, त्याच्या आधीचा. तो त्या जागी कधीच बसत नसे. मी जयाला म्हणालो, "पेटी खाली ठेव." तिने ठेवली. रुपीबाई फाटकापर्यंत जाऊन आली आणि मला हळूच म्हणाली, "तिथं ढेपेचा चुरा पडून हाय. कोणं टाकला?" ढेप म्हणजे सरकीची पेंड, जनावराला मिठाईसारखी. मी तिच्यावर ओरडलो. देवाच्या कामात नाक खुपसू नको, असे सगळ्यांसमोर म्हणालो. आगारात गाडीखाली तेलाचा एक थेंब दिसला तर मी गाडी बाहेर सोडत नसे. त्या दिवशी बायको चुरा दाखवत होती आणि मी तिकडे पाहिलेदेखील नाही.

जया गेली नाही. तिची जागा आठ दिवसांनी पुष्पाला मिळाली. जीवन पेढे घेऊन आला आणि माझ्या पाया पडला. म्हणाला, "भाऊ, देवाच्या मनात असंच होतं." मी त्याला उठवून छातीशी धरले होते. 

त्यानंतर जया मला "तुम्ही" म्हणू लागली. आमच्यात बापाला कोणी तुम्ही म्हणत नाही. लग्नात ती पेटी मी गाडीत ठेवायला लावली तर तिने उतरवून ठेवली, म्हणाली, "राहू द्या, तुमच्या घरची हाय." ती पेटी जयालाच द्यावी. उघडायची की फेकायची हे तिचे तिने पाहावे.

कलम ६. भाऊ जीवन भासू आडे यास.

काही नाही. विसरून राहिले असे नव्हे, समजून उमजून काही नाही. कारण पुढीलप्रमाणे.

या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जीवन माझ्याकडे चहाला आला. घरात आम्ही गोरबोलीत, म्हणजे आमच्या तांड्याच्या बोलीत बोलतो, कोर्टाला समजावे म्हणून येथे मराठीत लिहितो. तो म्हणाला, "भाऊ, तुह्या डोळ्यानं दिसत नाई, गुडघ्यानं चालवत नाई. कोण करते आता या बैलाचं? देऊन टाक कोणाले."

मी म्हणालो, "देवाचा हाय तो. देऊन टाकाले माहा हाय का?"

तो हसला. "कायचा देवाचा? जयाच्या वक्ताले म्याच त बसवलं होतं त्याले फाटकात. आठ दिवस रोज सकाळी तिथंच ढेप चारली. नवव्या दिवशी आपोआप येऊन बसला. बैल हाय भाऊ, बैलासारखाच वागते."

असे म्हणून त्याने बशीत चहा ओतला. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. बैलात देव नाही हे मला पटवायला त्याला तो चांगला दाखला वाटला, एवढेच. एकवीस वर्षांत ही गोष्ट त्याच्या लेखी इतकी लहान झाली होती की आपण काय बोलून गेलो हे त्याला बशी रिकामी होईपर्यंत कळले नाही.

मी विचारले, "काहून केलं?"

मग मात्र त्याने खाली पाहिले. "पुष्पी वेटिंगले एक नंबर होती. तुह्याजवळ नोकरी होती, पक्कं घर होतं. जयाचं कुठंही चांगलं झालंच असतं. माह्या पोरीचं काय होतं? मंग म्या डोकं लावलं."

डोके लावले. हे शब्द मी जसेच्या तसे लिहिले आहेत. त्याने डोके लावले आणि मी हात जोडले. बापाने आम्हा दोघांना एकाच बाजेवर बसवून सांगितले होते की माणसाच्या अकलेच्या वर एक हुकूम असतो. मी ते ऐकले म्हणून फसलो आणि त्याने ऐकून सोडून दिले म्हणून त्याची पोरगी नर्स झाली. चोराने घर फोडले असते तर मी कुलूप बदलले असते. याने माझा देवच हत्यारासारखा वापरला आणि मारही माझ्याच हाताने माझ्या पोरीला दिला. रुपीबाई मरेपर्यंत मला म्हणत राहिली की त्या चुऱ्याचे एकदा बघा. ती खरी होती हे कळले तेव्हा सांगायला ती नव्हती. त्या दिवसापासून मी जीवनच्या घरचे पाणी घेतलेले नाही.

टाइप केलेल्या मसुद्यात मी असे लिहून घेतले होते की जीवनने माझ्या प्रेताला खांदा देऊ नये, तिरडीजवळ उभेही राहू नये. त्याबद्दल कलम ९ पाहावे.

कलम ७. पुतणी पुष्पा हिस.

माझे एच.एम.टी.चे घड्याळ. चावी द्यावी लागते, पण सेकंदाचा काटा अजून चुकत नाही. नाडी मोजायला उपयोगी पडेल. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी ती रात्रपाळी करून सकाळी पुन्हा माझ्यापाशी येऊन बसायची, स्वतःच्या हाताने थेंब टाकायची. तिला यातले काहीही माहीत नाही, हे मी माझ्या वतीने शपथेवर सांगतो. हे वाचून तिला कळेल आणि ती रडेल. तिने नोकरी सोडण्यासारखा वेडेपणा करू नये. बापाशी बोलणे बंद करायचे की नाही ते तिने ठरवावे, माझ्याकडून आग्रह नाही.

कलम ८. या कलमाचे मिळकतीशी काही घेणेदेणे नाही, तरी ते काढून टाकू नये.

आज सकाळी बैल फाटकात बसला तेव्हा मी आधी जीवनच्या घराकडे पाहिले. मग अय्यूबला म्हणालो, "बघ बरं, ढेप हाय का तिथं." अय्यूबने वाकून सगळी जमीन पाहिली. एवढेच नाही, त्याने बैलाच्या तोंडाचा वास घेतला. "कडब्याचा येते," तो म्हणाला, "ढेपेचा नाई. कोणं काई नाई चारलं याले." म्हणजे बैल आपल्या मर्जीने किंवा ज्याचा तो आहे त्याच्या मर्जीने बसला होता.

खरे लिहितो, मला रागच आला. आयुष्यभर ज्याचा हुकूम मानला त्यानेही जीवनचीच बाजू घ्यावी? एकवीस वर्षांनी पोरीला काहीतरी द्यायला निघालो, आणि तेव्हाच याला फाटकात बसायचे सुचावे? एकदा वाटले, उचलावी काठी. त्या फटीतून निघून जावे आणि यापुढे देवाला देवाच्या जागी ठेवून आपले डोके वापरावे. जीवनचे काय वाईट झाले? बेबीताईही उभ्याच होत्या. पण उठलो नाही. पाय उठले नाहीत असे म्हणणे जास्त बरोबर होईल. कलम एक ते सात मी त्या रागातच लिहिली आहेत.

दुपारी अय्यूबने व्हॅनमधून चटई काढली आणि गोठ्याच्या सावलीत नमाज पढला. आगारातही तो असाच अजान झाली की पाना खाली ठेवायचा, मग वर गाडी निम्मी खोललेली का असेना. मुकादम शिव्या द्यायचा. आज मी प्रथमच नीट पाहिले की नमाज संपल्यावर तो एक मिनिटही तेथे बसला नाही. चटई गुंडाळली आणि चहा ठेवायला चुलीकडे गेला.

मी विचारले, "झालं? इतक्यात उठला?"

तो म्हणाला, "भाऊ, हुकूम हाय तेवढंच करायचं. थांबायचा हुकूम हाय तसा उठायचाही हुकूमच हाय. म्या तिथंच बसून राह्यलो असतो त मुकादमानं हाकललं असतं अन् अल्लानंही विचारलं असतं, मियाँ, अभी तक काय करून राह्यला?"

मग चहात साखर टाकता टाकता त्याने सहज विचारले, "त्या दिवशी बैल किती वाजता उठला होता?"

एकवीस वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते. मी स्वतःलाही नाही. अय्यूबला मी आठवत नाही म्हणून सांगितले, ते खोटे आहे. मृत्युपत्रात खोटे राहू नये म्हणून येथे दुरुस्त करतो.

बैल त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास उठला होता. अंग झाडून गोठ्यात गेला आणि पाणी प्यायला. जया सकाळपासून पेटीवर बसून होती, जेवलीही नव्हती. ती धावत आत आली. "बा, उठला! चारची गाडी भेटते."

मी म्हणालो, "देवानं सांगितलं ते सांगितलं."

"बा, पण तो उठला नं."

 दुसऱ्या दिवशी चौदा तारीख होती, शेवटची. ती सकाळी पुन्हा तोच ड्रेस घालून ओसरीवर येऊन उभी राहिली. फाटक उघडे होते. बैल गोठ्यात होता. मी तिला म्हणालो, कपडे बदल आणि आईला चुलीपाशी मदत कर. ती दुपारपर्यंत तशीच उभी होती.

लदेणीत बैल उठला की तांडा निघत असे. हे माझ्या बापाने त्याच बाजेवर, त्याच वेळी शिकवले होते. बैल फक्त थांबा म्हणतो. जाऊच नका असे त्याने कोणत्याही तांड्याला कधी म्हटलेले नाही, नाहीतर आम्ही अजून कोठेतरी राजस्थानातच बसून असतो. जाऊ नको हे मी म्हटले. का म्हटले तेही लिहितो. एकुलती पोरगी होस्टेलला राहणार, तांड्यात लोक काय म्हणतील, तिकडे काही बरेवाईट झाले तर काय, हे सगळे माझ्या मनात आधीपासून चालले होते. तोंडाने हो म्हटले होते, पण मला ती जायला नको होती. बैल बसला तेव्हा मला बरे वाटले. जीवनने बैलाला आठ दिवस ढेप चारली. मला तेवढेही करावे लागले नाही. मीही डोकेच लावले होते आणि वर देवाचे नाव घातले. जीवनने निदान पोळ्याला खरे सांगितले. मी ते आज दुपारपर्यंत स्वतःलाही सांगितले नव्हते.

कलम ९. कलम ६ मध्ये दुरुस्ती.

खांदा न देण्याबाबतची अट मी या कागदात घेत नाही. मी जीवनला माफ केले असे कोणी समजू नये, तसे लिहिण्याइतका मी अजून झालेलो नाही. पण ज्या कारणासाठी त्याला तिरडीपासून दूर ठेवायचे त्याच कारणासाठी मलाही तिरडीवरून खाली उतरवावे लागेल. तेव्हा त्याने खांदा द्यावा.

माझ्या पश्चात बैलाचे चारापाणी जीवनने करावे. रोज सकाळी गव्हाणीत, सगळ्या तांड्यासमोर, ढेप चारावी. त्याला सवय आहे. बैलाला विकू नये, कोणाला देऊ नये, जुंपू नये. तो कोठे बसला तर थांबावे, कितीही घाईचे काम असो. तो उठला की निघावे. यापेक्षा जास्त अर्थ त्याच्या बसण्यातून कोणीही, मी मेल्यावर माझे नाव सांगूनसुद्धा, काढू नये.

याआधीचा टाइप केलेला मसुदा रद्द समजावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्याचे काम पुष्पा हिच्याकडे देतो. ती हे प्रामाणिकपणे करील याबद्दल माझी खात्री आहे आणि ही खात्री मी खोलून पाहिलेली आहे.

जयाला मला जे सांगायचे आहे ते मी कलम १० मध्ये लिहिणार होतो. चार वेळा सुरुवात करून खोडले आहे. खाडाखोड माझीच आहे, तेथे सही केली आहे. अय्यूब म्हणतो, राहू दे, ताव संपून राह्यले. पण अडचण तावांची नाही. मी येथे लिहिले तर ते तिला मी मेल्यावर वाचायला मिळेल, आणि ती उत्तर द्यायला

बैल उठला आहे.

वरचे वाक्य अर्धे राहिले तसेच राहू द्यावे. बैल उठून गोठ्यात गेला, पाणी पीत आहे. अय्यूबने गाडी चालू केली आहे आणि विचारतो आहे की नेरचे साहेब आता मीटिंगला निघून गेले असतील तर कोणीकडे घ्यायची. हिरवी पेटी मागच्या सीटवर ठेवायला सांगितली आहे. कलम ५ प्रमाणे ती माझ्या मरणानंतर द्यायची होती, ती अट रद्द. मुकुटबनला पोचायला दिवेलागण उलटेल. कलम १० लिहीत नाही, तेथे जाऊन तिच्या तोंडावर बोलणार आहे. तिने फाटकातून आत घेतले नाही तर ती घेईपर्यंत बाहेर थांबेन.

वर लिहिलेले सर्व मी माझ्या हाताने लिहिले आहे आणि ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

सही: गुलाबसिंग भासू आडे

साक्षीदार १: अय्यूब, मोटार मेकॅनिक, राहणार नेर. गुलाबभाऊंनी माझ्यासमोर सही केली. बारा नंबरचा पाना माझ्याकडे नाही.

साक्षीदार २: बेबीताई चव्हाण, अंगणवाडी सेविका, मोहदरी तांडा. काकांनी माझ्यासमोर सही केली. बैल दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी उठला. त्याला कोणी उठवले नाही. काका त्याच्या मागोमाग लगेच उठले.

स्थळ: मोहदरी तांडा, फाटकाजवळ
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार